सहा महिन्यांच्या बाळाला डाळी-कडधान्यं: वरचं पाणी द्यायचं की डाळच? आणि घेवडा कधी?

रहिमतपूर_फाटा

मुलगी येत्या १८ तारखेला सहा महिने पूर्ण करतेय. वजन ७ किलो १०० ग्रॅम, आजवर फक्त अंगावरचं दूध. मान नीट धरते, टेकवून बसवलं की बसते, चमचा ओठांना लावला तर जिभेनं बाहेर ढकलत नाही. म्हणजे वरचं अन्न सुरू करायला हरकत नसावी.

घरात तूर, मूग, मसूर या डाळी आहेत. शिवाय घरचा वाघ्या घेवडा, चवळी, मटकी आणि माण भागातून आलेले हुलगे (कुळीथ). सासूबाईंचं म्हणणं, पहिला महिनाभर वरणावरचं नितळ पाणीच द्यायचं, डाळ बाधते. जाऊबाई सांगतात, सगळी कडधान्यं भाजून, दळून एकच भरड करून ठेव, रोज दोन चमचे शिजवले की झालं.

पाणी द्यायचं की डाळ? किती आणि केवढी दाट? आधी कुठली? घेवडा त्या भरडीत घातला तर चालतो का? आणि आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, तूरडाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी कणीदार राहते. चिमूटभर सोडा घातला तर बाळाला चालेल का? प्रमाणासकट सांगितलंत तर बरं होईल.

मिरज_आहार

ताई, आधी महिन्यांचा हिशोब. ‘सहावा लागला’ आणि ‘सहा पूर्ण झाले’ यांत एका महिन्याचं अंतर आहे आणि घरोघरी गल्लत इथेच होते. १८० दिवस पूर्ण झाल्यावर सुरू करायचं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून पुष्कळ जण पाचव्यातच उरकतात. सहा पूर्ण झाले की सातवा लागतो, तोही विषमच, तेव्हा रीतही सांभाळली जाते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर मात्र तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता पाणी. सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण नितळ पाण्यात थोडेफार क्षार आणि चव एवढंच उतरतं. प्रथिनं आणि लोह खाली बसलेल्या डाळीत राहतात. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे तुमच्या मुलीच्या पोटात सुमारे २०० मिली. त्यातलं अर्धं डाळीच्या पाण्यानं भरलं तर ती तेवढं दूध कमी पिणार. आईच्या १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात आणि डाळीच्या पाण्यात त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं काही नसतं. बाळ ढेकर देतं, झोपतं, पोट भरलंय असं दिसतं आणि वजनाचा काटा मात्र जागेवरून हलत नाही. ६ ते ८ महिन्यांत दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, त्या पाण्यातून मिळणं शक्य नाही. म्हणून डाळच द्या, पण अगदी मऊ घोटून.

सुरुवात मूगडाळीनं करा. दोन पोह्याचे चमचे डाळ (साधारण ३० ग्रॅम) तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजत घाला आणि ते पाणी ओतून द्या. डाळीच्या चौपट ताजं पाणी घालून छोट्या डब्यात, कुकरमध्ये भाताशेजारी ठेवा. एवढी थोडी डाळ थेट कुकरात टाकली तर तळाला लागते. चार शिट्ट्या झाल्या की पाच मिनिटं मंद आच आणि वाफ आपोआप जिरू द्या. मग गाळणीत घालून चमच्याच्या पाठीनं दाबून उतरवा. गाळणीखालचा भागही खरवडून घ्या, दाट गर तिथेच चिकटलेला असतो.

दाटपणा चमच्यावर पाहा. चमचा तिरका केला की डाळ हळूहळू घसरली पाहिजे. टपटप गळाली तर पातळ आहे, थोडी आटवा. घट्ट झाली तर पाणी घालण्यापेक्षा अंगावरचं काढलेलं दूध किंवा अर्धा चमचा साजूक तूप घाला.

पहिले तीन दिवस दिवसातून एकदा, एक ते तीन चहाचे चमचे. सकाळी नाहीतर दुपारी द्या, म्हणजे काही त्रास झालाच तर उजेडात, माणसं जागी असताना लक्षात येईल. तीन दिवस ठीक गेले की मसूरडाळ, पुन्हा तीन दिवस, मग तूर. हा क्रम केवळ सोयीचा आहे, त्यात नियम काही नाही. मूग लवकर शिजतो आणि त्यानं गॅस कमी होतो, एवढंच. मसूर मी मुद्दाम वर ठेवते, कारण १०० ग्रॅम कच्च्या मसूरडाळीत ७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, तूर-मुगात जवळजवळ निम्मं. डाळीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं, म्हणून गॅस बंद केल्यावर लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं.

भात आणि डाळ दोन्ही वेगवेगळे सोसले की गुरगुट्या खिचडीवर या. तांदूळ २ पोह्याचे चमचे, डाळ १ चमचा, पाणी ३०० मिली, शिजल्यावर चहाचा चमचाभर तूप. यात दोन वेळचं होतं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते तांदळात असतं आणि तांदळात कमी ते डाळीत, म्हणून ही जोडी नुसत्या डाळीपेक्षा सरस. सातवा महिना संपेपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी इथवर पोचायचं. बाळानं तोंड फिरवलं की थांबायचं.

मीठ, साखर, गूळ वर्षभर नको आणि मध तर मुळीच नको. घरचं वरण फोडणीला टाकायच्या आधीच बाळाचा वाटा बाजूला काढा, म्हणजे कांदा-लसूण मसाला चुकूनही त्यात जात नाही. तुपात चिमूट जिरं चालतं. हिंग घालायचा असेल तर डबी वाचा, बाजारच्या बहुतेक खड्या-पुडीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं आणि तुम्ही गहू अजून दिलेला नाही.

आणि गाळणीची सवय लावू नका. आठव्या महिन्यात गाळण बंद, रवीनं घोटा. नवव्यात नुसता काटा-चमचा. मऊ गुठळ्या नऊ-दहा महिन्यांपर्यंत तोंडात आल्याच नाहीत तर पुढे मूल घास चावायला फार कुरकुरतं.

धान्यबाजार_सांगली

बोअरच्या पाण्याचं आणि साठवणीचं लिहितो.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं, त्याला हे क्षार आणखी पक्कं करतात आणि दाणा फुटत नाही. आटपाडी-जतकडच्या बोअरवर ही तक्रार कायमची. शिट्ट्या वाढवून फारसा फरक पडत नाही. बाळाच्या डाळीपुरतं पाणी आधी खळखळ उकळा, झाकून थंड करा, तळाशी पांढरा साका बसला की वरचं पाणी हलक्या हातानं ओतून घ्या. भिजवायलाही तेच वापरा, कारण भिजताना दाणा जे पाणी पितो ते जड असेल तर पुढे हलकं घालून उपयोग नाही. उकळून साका बसलाच नाही तर तो जडपणा उकळून जाणारा नाही, मग फिल्टरचं पाणी घ्या.

सोडा नको. डाळ मऊ होते हे खरं, पण त्यानं ब-१ जीवनसत्त्व नासतं आणि नको असलेला सोडियम पोटात जातो. टोमॅटो, चिंच, आमसूल कुकर लावताना टाकू नका, आंबटामुळेही डाळ आखडते. घालायचं ते शिजल्यावर. एवढं करूनही कणी राहिली तर डाळ जुनी आहे. दमट उन्हाळ्यात वर्षभर पोत्यात राहिलेली तूर काही केल्या मेण होत नाही, बाळासाठी नव्या हंगामाची किलोभर वेगळी घ्या.

हे जास्त महत्त्वाचं: वर्षाच्या साठवणीत पुष्कळ घरी बोरिक पावडर चोळतात किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकतात. बोरिक लहान बाळाला विषारी आहे, पाऱ्याचं तर सांगायलाच नको. त्या डब्यातली डाळ धुऊनसुद्धा बाळाला देऊ नका. बाळाची डाळ कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत, जमलं तर फ्रिजमध्ये. एरंडेलाचा हात दिलेली तूर असेल तर कोमट पाण्यात चोळून, बोटांना तुळतुळीत लागेनाशी होईपर्यंत धुवा. आणि डाळ धुताना पाणी हळदीसारखं पिवळं जर्द निघालं तर ती रंगवलेली आहे, परत करा.

वाघ्या_उत्तर_कोरेगाव

घेवड्याबद्दल नीट सांगतो, कारण त्या भरडीचा बेत ऐकून राहवलं नाही.

घेवडा भरडीत घालू नका. आपला वाघ्या, काळा घेवडा, बाजारचा राजमा ही सगळी एकाच जातीची भावंडं. कच्च्या दाण्यात एक लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचं प्रथिन असतं, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं. ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि एक ते तीन तासांत उलट्या, मागून जुलाब सुरू होतात. मोठ्या माणसाला चार-पाच कच्चे दाणे पुरतात, बाळाचं काय ते समजून घ्या. हे विष ओल्या उकळीनं मरतं. कढईत खमंग भाजलं तरी कोरड्या आचेनं ते पुरतं जाईल याचा भरवसा नाही. वरून त्या पिठाची पेज पाच मिनिटं रटरटली की आपण खाली उतरवतो. त्यातून काम बिघडतं.

दुसरी चूक मंद आचेची. चुलीवर रात्रभर निखाऱ्यावर ठेवलेला किंवा थर्मासच्या भांड्यात ‘आपोआप’ शिजवलेला घेवडा बोटानं दाबला तर मऊ लागतो, पण आतली उष्णता ८० अंशांच्या आसपासच राहिलेली असते. तेवढ्या उष्णतेत हे लेक्टिन मरत नाही, उलट कच्च्यापेक्षा जोर वाढू शकतो. मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला, हे घेवड्याला लागू नाही.

बरोबर रीत: रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, आठ ते दहा तास, पाच तासांच्या खाली कधीच नाही. सकाळी ते पाणी मोरीत, भाजीत नाही. दाणे चोळून धुवा. ताज्या पाण्यात आधी उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर दहा मिनिटं सणसणीत उकळी, वर येणारा फेस काढून टाका. मग कुकर, सहा-सात शिट्ट्या आणि पंधरा-वीस मिनिटं मंद. कुकरात उष्णता १०० अंशांच्या बरीच वर जाते, तेव्हा नुसत्या कुकरनंही काम होतं, पण शिट्टी गळकी आणि रबर सैल असलेला कुकर दाब धरत नाही. आधीच्या उकळीनं ती शंकाच राहत नाही.

शिजलेला दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. पीठ झालं पाहिजे आणि साल सुटून बोटावर राहिली पाहिजे. मध्ये टणक ठिपका लागला तर परत कुकर. बाळासाठी पुरणयंत्रातून काढा, सालं वरच राहतात. नवव्या-दहाव्या महिन्यात अर्ध्या चहाच्या चमच्यापासून, खिचडीत मिसळून. त्याआधी द्यायचं कारणच नाही, मूग-मसूर-तुरीवर छान भागतं.

हिरव्या शेंगेचा श्रावण घेवडाही कच्चा चघळायला देऊ नका. दात शिवशिवतात म्हणून हातात देतात काही जण.

एक फरक लक्षात ठेवा. पावटा आणि वाल वेगळे, बाकला वेगळा. बाळाला जी-६-पी-डी ची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता आहे असं रक्ततपासणीत आलं असेल तर बाकल्यानं रक्तपेशी फुटतात, तो पूर्ण बंद. तूर, मूग, मसूर, चवळीला त्यात बंदी नाही.

भरड करायचीच तर तांदूळ, मूगडाळ, मसूरडाळ एवढीच घ्या. धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजून, बारीक दळा आणि तीही प्रत्येक जिन्नस वेगवेगळा देऊन झाल्यावर. पहिल्याच दिवशी सात कडधान्यांचं पीठ दिलं आणि पुरळ आलं तर कशानं आलं हे कळायला मार्ग उरत नाही.

रहिमतपूर_फाटा

भरडीचा बेत रद्द. मटकी, हुलगे आणि अख्खा मसूर यांचं काय करू? आणि शेंगदाण्याचं कूट घरात रोज असतं, ते किती दिवस लांब ठेवायचं?

कराड_बालआरोग्य

मटकी आणि मूग मोड आणून द्या, आठव्या महिन्यापासून. मोड आले की फायटेट, म्हणजे लोह अडवून धरणारा घटक, कमी होतं, त्यामुळे लोह जास्त लागू पडतं, आणि गॅस करणाऱ्या साखराही घटतात. पण उबदार, ओल्या फडक्यात मोडाबरोबर जंतूही वाढतात, म्हणून बाळाला कच्चे किंवा नुसते वाफवलेले मोड नाहीत. कुकरात पूर्ण शिजवून, घोटून. फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढा, आंबूस वास आला तर ते मोड टाकून द्या.

अख्खा मसूर भिजवून, शिजवून, पुरणयंत्रातून. ढाब्यावरचा झणझणीत नव्हे, त्यातलं तिखट-मीठ-तेल पाहता तो वर्षानंतरही नको. हुलग्याचं माडगं नवव्या महिन्यापासून चालेल. पीठ गार पाण्यात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत पंधरा मिनिटं शिजवा. कच्चट वास गेला पाहिजे. तिखट-लसूण नको.

शेंगदाणा लांब ठेवू नका. तो शेंगच आहे, कडधान्यांच्याच कुळातला, आणि पहिल्या वर्षात खायला घातला तर त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता कमी होते हे अभ्यासांतून दिसलं आहे. बाळाला अंगभर तीव्र इसब असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी झाली असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बाकीच्यांनी भाजून, सालं काढून, गंधासारखं बारीक वाटलेलं अर्धा चहाचा चमचा खिचडीत पूर्ण कालवून द्यावं. कोरडं कूट भुरभुरू नका, श्वासाबरोबर आत जातं. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून टाका, त्यात बुरशीचं विष असू शकतं.

नवा पदार्थ दिल्यावर दोन तास नजर ठेवा. तोंडाभोवती किंवा अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. खोकला, घरघर, आवाज बसणं, लागोपाठ उलट्या, अंग ढिलं पडणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन, घरगुती उपायात वेळ घालवू नका. काही बाळांना एक ते चार तासांनी भडाभडा उलट्या होऊन ती पांढरीफटक पडतात, तेव्हाही अंगावर पुरळ नाही म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा.

अडकण्याची भीती ॲलर्जीपेक्षा रोजची आहे. अख्खा हरभरा, वाटाणा, फुटाणे, शेंगदाणे बाळाच्या श्वासनलिकेत बुचासारखे बसतात. शिजलेली चवळी दहाव्या महिन्यानंतर बोटानं चपटी करून, साल काढून. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत हाताशी ठेवू नका. भरवताना बाळ सरळ बसलेलं हवं, मांडीवर आडवं पाडून वाटी-चमच्यानं ओतणं बंद.

बाळ उबळ काढतंय, खोकतंय, रडतंय तोवर हवा जातेय, त्याला खोकू द्या. आवाज निघेना, ओठ काळेनिळे पडले, तर हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या हाडांच्या) मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. पुन्हा पालथं. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ लावायचा. तोंडात दिसत नसताना बोट घालून चाचपडू नका, दाणा आणखी खाली जातो. पाय धरून उलटं लटकवू नका.

डाळी कितीही नेमानं दिल्या तरी लोहाची सगळी भर त्यातून निघत नाही. सहा महिने पूर्ण झाले की आशाताईंकडून लोहाचं सायरप घ्या, ६ ते ५९ महिने, आठवड्यातून दोनदा १ मिली.

रहिमतपूर_फाटा

मूगडाळीचा आज चौथा दिवस. शी जरा घट्ट आणि हिरवट झालीय, त्यात पिवळे बारीक कण दिसतात. पचत नाहीये का? आणि उरलेली डाळ संध्याकाळी देता येते का, दुपारी लाइट जाते.

मिरज_आहार

हिरवट रंग आणि कण चालतात. बाळाचं आतडं सालीचा चोथा फोडत नाही, तो तसाच बाहेर येतो. शी घट्ट होणं हे दुधावरून अन्नावर येतानाचंच, जेवणानंतर उकळून गार केलेलं दोन-चार चमचे पाणी द्यायला लागा. रक्त, शेंबूड, दिवसाला सहा-सात पातळ जुलाब किंवा पोट ताठ होऊन रडणं असेल तर डाळ थांबवून दाखवा. कण मोठे असतील तर शिजण्यात कमी पडतंय, पाण्याचा प्रयोग केला नसेल तर आधी तो करा.

उरलेली डाळ दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरातच फ्रिजमध्ये. वाटीतली, म्हणजे बाळाचा उष्टा चमचा लागलेली, ठेवायची नाहीच. म्हणून डब्यातून दोन चमचेच वाटीत काढा, लागलं तर पुन्हा स्वच्छ चमच्यानं घ्या. फ्रिजमधली २४ तासांत संपवा, देताना बुडबुडे येईपर्यंत उकळून मग कोमट करा, आणि एकदाच. लाइट तीन-चार तास जात असेल तर फ्रिजवर विसंबू नका. कोरडी धुतलेली डाळ मोजून ठेवा आणि संध्याकाळी घरच्या भाताच्या कुकरात तोच छोटा डबा पुन्हा लावा.